मेंदूवरची नेमकी रेडिओथेरपी: उशिरा दिसणारे दुष्परिणाम मोजायचे कसे?



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुमच्या अभ्यासात तुम्ही नेमकं काय मोजणार, आणि किती दिवस मोजणार?" बरेच जण पहिल्या अर्ध्या भागाची तयारी करून जातात. दुसरा अर्धा राहून जातो. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्यात सगळा खेळ त्या दुसऱ्या अर्ध्या भागाचाच आहे.

विषय असा: मेंदूतल्या ट्यूमरवर नेमकी, म्हणजे फक्त गाठीवर रोखलेली रेडिओथेरपी दिली, तर पुढे पाच, दहा, वीस वर्षांनी रुग्णाचं काय होतं? गाठ आटोक्यात आली की नाही, हे एमआरआयवर काही महिन्यांत कळतं. पण आठवीतल्या मुलाचा अभ्यास मागे पडतोय, तेरा वर्षांच्या मुलीची उंची वाढायची थांबली आहे, हे एमआरआय सांगत नाही. ते कुणीतरी मुद्दाम, ठरवून, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ते मोजलं गेलं. त्या ट्रायलकडे आपण येणारच आहोत, पण आधी थोडी पायाभरणी करू.

"नेमकी" म्हणजे किती नेमकी?

साधारणपणे रेडिओथेरपी म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर नावाच्या यंत्रातून निघणारे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण. ते गाठीपर्यंत पोहोचतात, पण वाटेतल्या निरोगी पेशींमधूनच जातात आणि गाठ ओलांडून पलीकडेही निघतात. डोस मोजायचं एकक म्हणजे ग्रे. एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे.

नेमकेपणा आणायची युक्ती जुनी आहे. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली "रेडिओसर्जरी" ही कल्पना मांडली. अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे, प्रत्येक किरण एकटा दुबळा, पण सगळे एका बिंदूवर एकत्र आले की तिथे डोस प्रचंड. त्यातूनच पुढे गॅमा नाइफ आलं, ज्यात कोबाल्ट-६० च्या सुमारे दोनशे स्रोतांमधून किरण एकाच जागी रोखले जातात. इथे सगळा डोस बहुतेक वेळा एकाच बैठकीत देतात.

दुसरी पद्धत आहे स्टिरिओटॅक्टिक कन्फॉर्मल रेडिओथेरपी. नाव मोठं आहे, अर्थ सोपा. स्टिरिओटॅक्टिक म्हणजे डोकं चौकटीत किंवा साच्यात पक्कं धरून, मेंदूतल्या प्रत्येक बिंदूचा पत्ता तीन अक्षांवर ठरवणं. कन्फॉर्मल म्हणजे किरणांच्या झोताला गाठीच्या आकाराप्रमाणे कापणं. इथे डोस एकदम न देता रोज थोडा थोडा, पाच-सहा आठवडे देतात.

आता एक छोटं गणित करू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा चार सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ आहे. तिचं घनफळ सुमारे ३३.५ घन सेंटीमीटर. पण डॉक्टर नुसत्या गाठीवर किरण रोखत नाहीत. डोकं किंचित हललं तर? गाठीची कड स्कॅनवर दिसते त्यापेक्षा पुढे असली तर? म्हणून भोवती थोडी मोकळी जागा धरतात, तिला मार्जिन म्हणतात.

मार्जिन २ मिलिमीटर धरलं, तर एकूण घनफळ ४४.६ होतं, म्हणजे ११ घन सेंटीमीटर निरोगी मेंदू झोतात आला. मार्जिन ५ मिलिमीटर केलं तर हाच आकडा ३२ होतो. १० मिलिमीटर केलं तर जवळपास ८०! मार्जिन पाचपट झालं, पण नाहक भाजलेला मेंदू सातपट झाला. वहीत स्वतः करून बघा, गोलाच्या घनफळाचं सूत्र शाळेतलंच आहे. डोकं पक्कं धरण्यासाठी एवढा आटापिटा का करतात, ते लगेच कळेल.

आणि हेही लक्षात घ्या की मार्जिन शून्य कधीच होत नाही. शिवाय काही गाठी अशा जागी असतात की शेजारी नाजूक अवयव चिकटूनच असतो. क्रेनिओफॅरिंजिओमा ही गाठ पियूष ग्रंथीच्या अगदी शेजारी वाढते. तिथे कितीही नेमका किरण सोडला, तरी शेजाऱ्याला झळ बसतेच. म्हणून "नेमकी रेडिओथेरपी म्हणजे दुष्परिणाम नाहीत" हे वाक्य कुठे वाचलंत, तर तिथेच थांबा.

दुष्परिणाम उशिरा का येतात?

पाठ्यपुस्तकात मेंदूवरच्या परिणामांचे तीन टप्पे दिलेले असतात. पहिला, उपचार चालू असतानाचा: थकवा, डोकेदुखी, मळमळ, केस गळणं. दुसरा, उपचार संपल्यावर काही आठवड्यांपासून साधारण सहा महिन्यांपर्यंतचा: झोपाळूपणा, सुस्ती, तात्पुरता विसराळूपणा. हे दोन्ही टप्पे बहुतेक वेळा ओसरतात. तिसरा टप्पा सहा महिन्यांनंतर कधीही सुरू होतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. यातलं नुकसान सहसा भरून येत नाही. आपला विषय हा तिसरा टप्पा.

आता प्रश्न असा की किरणांनी डीएनएचं नुकसान तर त्याच दिवशी झालं, मग परिणाम वर्षांनी का? कारण पेशी बहुतेक वेळा विभाजनाच्या वेळी मरतात. भराभर विभागणाऱ्या पेशी लवकर मरतात, म्हणून केस आधी जातात. मेंदूतल्या बऱ्याच पेशी मुळात फार हळू विभागतात. नुकसान आत साचून राहतं.

तरी मुख्य घटना तीन सांगता येतील. एक, बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हळूहळू खराब होतं आणि त्या भागाला रक्त कमी पडू लागतं. दोन, चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या ऑलिगोडेन्ड्रोसाइट पेशी आणि त्यांच्या मूळ पेशी कमी होतात. वायरवरचं प्लास्टिक झिजावं तसं होतं, संदेश जातो पण हळू. तीन, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागात नवीन चेतापेशी तयार होण्याचं काम थंडावतं.

या तिसऱ्या मुद्द्यावर २००२ साली मिशेल मॉन्जे आणि सहकाऱ्यांचा उंदरांवरचा अभ्यास नेचर मेडिसिनमध्ये आला. त्यांनी किरण दिलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये किरण न लागलेल्या, धडधाकट मूळ पेशी सोडल्या. तरी त्यांच्यापासून चेतापेशी बनेनात. म्हणजे बिघाड फक्त बियाण्यात नव्हता, जमीनच बिघडली होती. तिथला दाह नव्या पेशींना उभंच राहू देत नव्हता. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

नेमकं काय बिघडतं?

पहिलं, शिकण्याची गती. लहान मुलांमध्ये बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू, खाली आला असं वाचलं की आपल्याला वाटतं मूल आधीचं शिकलेलं विसरलं. तसं सहसा होत नाही. मूल नवीन शिकत राहतं, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा हळू. आयक्यू हा वयाच्या तुलनेत काढलेला आकडा असल्यामुळे, अंतर वाढत गेलं की आकडा घसरतो. लक्ष टिकवणं, डोक्यात दोन गोष्टी एकदम धरून ठेवणं, प्रश्न ऐकून उत्तर द्यायला लागणारा वेळ, यावर आधी परिणाम होतो. वय जितकं कमी, तितका धोका जास्त. घरी म्हणतात "आजारपणामुळे अशक्त झाला", शाळेत म्हणतात "लक्षच नाही त्याचं".

दुसरं, हॉर्मोन. हायपोथॅलॅमस आणि पियूष ग्रंथी झोताच्या जवळ असतील, तर सगळ्यात आधी बहुधा वाढीचं हॉर्मोन कमी पडतं. पुढे थायरॉइड, कॉर्टिसॉल आणि वयात येण्याशी संबंधित हॉर्मोनही कमी पडू शकतात. यातली चांगली गोष्ट ही की रक्ताच्या तपासणीत हे सापडतं आणि बऱ्याच अंशी उपचार होतो. वाईट गोष्ट ही की तपासणीच केली नाही, तर कुणाला पत्ता लागत नाही.

तिसरं, रेडिएशन नेक्रोसिस, म्हणजे किरणांमुळे मेंदूचा छोटा भाग मृत होणं. हे बऱ्याचदा पहिल्या एक-दोन-तीन वर्षांत दिसतं, आणि एमआरआयवर परत वाढलेल्या गाठीसारखंच चमकतं. डॉक्टरांपुढचा हा फार अवघड प्रसंग, कारण गाठ परतली म्हणून अजून उपचार द्यायचे, की उपचारांनीच इजा झाली म्हणून थांबायचं?

चौथं, फार उशिरा येणारं: रक्तवाहिन्या अरुंद होणं, पक्षाघात, आणि किरणांमुळेच नवीन गाठ होणं. याबद्दल पुढे बोलू.

एकदम द्यायचं की थोडं थोडं?

फिजिक्स किंवा बायोफिजिक्सवाल्यांसाठी थोडं गणित. डोस किती, याइतकंच तो किती हप्त्यांत दिला याला महत्त्व असतं. त्यासाठी बीईडी, म्हणजे जैविक परिणामाच्या हिशेबाने काढलेला डोस वापरतात:

बीईडी = एकूण डोस × (१ + एका वेळचा डोस ÷ अल्फा-बीटा गुणोत्तर)

अल्फा-बीटा गुणोत्तर हा ऊतीचा स्वभाव समजा. वेगाने वाढणाऱ्या ट्यूमरसाठी ते साधारण १० धरतात, मेंदूच्या उशिराच्या परिणामांसाठी २ किंवा ३.

५४ ग्रे, ३० हप्त्यांत, म्हणजे रोज १.८ ग्रे. मेंदूसाठी (गुणोत्तर ३): ५४ × १.६ = ८६.४. ट्यूमरसाठी (गुणोत्तर १०): ५४ × १.१८ = ६३.७.

आता एकाच वेळी १८ ग्रे. मेंदूसाठी: १८ × ७ = १२६. ट्यूमरसाठी: १८ × २.८ = ५०.४.

बघा, एकदम दिल्यावर एकूण डोस तिसरा हिस्सा झाला, ट्यूमरवरचा परिणाम कमी झाला, पण निरोगी मेंदूवरचा वाढला. रोज थोडा डोस दिला की निरोगी पेशींना मधल्या वेळात दुरुस्तीची संधी मिळते. एवढ्या मोठ्या एकट्या डोसला हे सूत्र कितपत लागू होतं यावर वाद आहे, पण दिशा समजायला ते पुरेसं आहे.

मग रेडिओसर्जरी चालते कशी? कारण तिथे गाठ लहान असते आणि झोत फार झटकन उतरतो, निरोगी मेंदूचा फार थोडा भाग मोठ्या डोसखाली येतो. म्हणूनच रेडिओसर्जरीत १२ ग्रे किंवा जास्त डोस मिळालेल्या मेंदूचं घनफळ मोजतात. ते ५ ते १० घन सेंटीमीटरच्या पुढे गेलं की लक्षणं देणाऱ्या नेक्रोसिसचा धोका चढू लागतो. रोज २ ग्रेच्या हिशेबाने द्यायच्या उपचारात हाच धोका सुमारे ७२ ग्रेला ५ टक्के आणि ९० ग्रेला १० टक्के धरला जातो.

थोडक्यात तीन गोष्टी एकत्र बघायच्या: डोस, हप्ते आणि घनफळ. यातलं घनफळ एकटं बदललं आणि बाकी दोन तसंच ठेवलं, तर काय होईल? टाटाची ट्रायल नेमकी हाच प्रश्न विचारते.

टाटा मेमोरियलची ट्रायल

डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २००१ ते मार्च २०१२ या काळात ३ ते २५ वयाचे २०० रुग्ण या ट्रायलमध्ये घेतले. सगळ्यांना मेंदूत सौम्य किंवा कमी श्रेणीचा ट्यूमर होता. असेच रुग्ण का? कारण हे रुग्ण बहुधा पुढे अनेक वर्षं जगतात. ज्याचं आयुष्य पुढे आहे, त्याच्याच बाबतीत उशिराच्या दुष्परिणामाला खरा अर्थ असतो, आणि त्याच्याच बाबतीत तो मोजता येतो.

चिठ्ठी टाकावी तसं यादृच्छिक पद्धतीने १०४ जणांना नेमकी, म्हणजे स्टिरिओटॅक्टिक कन्फॉर्मल पद्धत दिली आणि ९६ जणांना त्या काळची रूढ पद्धत. डोस दोन्ही गटांत एकच: ५४ ग्रे, ३० हप्ते, सहा आठवडे. इथे थांबून या मांडणीचा आनंद घ्या. डोस तोच, हप्ते तेच, बदललं ते फक्त झोताखाली येणारं निरोगी मेंदूचं घनफळ. पाच वर्षांनी फरक दिसला, तर बोट कुणाकडे दाखवायचं हे आधीच ठरलेलं आहे.

आणखी महत्त्वाचं: मुख्य एंडपॉइंट म्हणून त्यांनी जगण्याचा दर घेतला नाही. बुद्धी-स्मृतीच्या चाचण्या आणि हॉर्मोनची स्थिती घेतली. पहिली मोजणी किरण सुरू होण्याआधी, आणि मग पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या टप्प्यांवर.

उपचाराआधीची मोजणी का हवी? कारण गाठ स्वतःच मेंदू दाबत असते, शस्त्रक्रिया झालेली असते, डोक्यात पाणी साचलेलं असतं. बरेच रुग्ण रेडिओथेरपीच्या टेबलवर येतात तेव्हाच त्यांचं एखादं हॉर्मोन कमी असतं. पहिली नोंद नसेल, तर पाच वर्षांनी सगळं खापर किरणांवर फुटेल, किंवा कशावरच फुटणार नाही.

निकाल २०१७ साली जामा ऑन्कॉलॉजीमध्ये आला. एकूण आयक्यूचा पाच वर्षांतला कल नेमक्या पद्धतीच्या गटात चांगला राहिला (दोन गटांच्या उतारातला फरक १.४८, पी मूल्य ०.०४). हाताने करायच्या, आकृती जुळवण्यासारख्या कामांच्या, म्हणजे परफॉर्मन्स आयक्यूमध्येही तसंच (फरक १.६४, पी मूल्य ०.०४६). पाच वर्षांत हॉर्मोनचा नवा बिघाड नेमक्या पद्धतीत ३१ टक्के, रूढ पद्धतीत ५१ टक्के (पी मूल्य ०.०१). पाच वर्षांचा जगण्याचा दर अनुक्रमे ८६ आणि ९१ टक्के, पण हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता (पी मूल्य ०.५४).

हे आकडे वाचायचे कसे?

इथे संशोधनाची तयारी करणाऱ्याने सावकाश जायचं.

आधी हॉर्मोनचा आकडा. ५१ वजा ३१ म्हणजे २० टक्के बिंदूंचा फरक. शंभर मुलांमागे वीस, म्हणजे पाच मुलांवर नेमक्या पद्धतीने उपचार केले की त्यातलं एक मूल त्या पाच वर्षांत नव्या हॉर्मोन बिघाडातून वाचलं. हा फार मोठा फायदा आहे. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग: नेमक्या पद्धतीतही ३१ टक्के, म्हणजे जवळपास तिघांत एकाला बिघाड झालाच. पेपरच्या शीर्षकात पहिला अर्धा भाग येतो. रुग्णाच्या घरच्यांना दुसराही सांगावा लागतो.

मग आयक्यू. पी मूल्य ०.०४ आणि ०.०४६ ही ०.०५ च्या उंबरठ्यालगतची आहेत. निकाल खोटा आहे असं नाही, पण हॉर्मोनच्या निकालाइतका तो ठणठणीत नाही. तुमच्या सेमिनारमध्ये दोन्ही निकाल एकाच दमात "सिद्ध झालं" म्हणून सांगू नका.

आणि जगण्याचा दर. ८६ आणि ९१ बघून कुणी म्हणेल, नेमक्या पद्धतीत जास्त मृत्यू झाले. पी मूल्य ०.५४ सांगतं की एवढा फरक योगायोगानेही सहज पडू शकतो. पण "फरक सापडला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०० जणांची ट्रायल जगण्याच्या दरातला छोटा फरक पकडण्यासाठी रचलेली नसते.

याच गटाच्या २०१० च्या एका पेपरमध्ये आणखी एक धागा मिळतो. नेमकी पद्धत घेतलेल्या २८ तरुण रुग्णांमध्ये, ज्यांच्या डाव्या टेम्पोरल लोबच्या १३ टक्क्यांहून जास्त भागाला ४३.२ ग्रे किंवा अधिक डोस मिळाला होता, त्यांचा आयक्यू लक्षणीय उतरला. म्हणजे "मेंदू वाचवा" एवढं पुरेसं नाही, मेंदूचा कुठला कोपरा वाचवायचा हे ठरवता यायला हवं. अर्थात २८ म्हणजे लहान आकडा. त्याला नियम म्हणू नका, पुढच्या अभ्यासासाठी सुचवलेली दिशा म्हणा.

मोठ्या माणसांतही हाच हिशेब दिसतो. दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेल्या एक ते तीन गाठी असलेल्या २१३ रुग्णांची एक ट्रायल २०१६ साली जामामध्ये आली. फक्त रेडिओसर्जरी घेतलेल्यांपैकी ६३.५ टक्क्यांची विचारशक्ती तीन महिन्यांत घसरली. रेडिओसर्जरीसोबत संपूर्ण मेंदूला किरण दिलेल्यांमध्ये ९१.७ टक्क्यांची. मात्र संपूर्ण मेंदूला किरण दिलेल्यांमध्ये मेंदूतला आजार जास्त आटोक्यात राहिला. इथेही फुकट काही मिळत नाही.

चाचणी कुठल्या भाषेत? आणि रुग्ण परत येणार का?

हे दोन प्रश्न पेपरमध्ये एखाद्या ओळीत संपतात, पण प्रत्यक्षात अभ्यास याच दोन ठिकाणी बुडतो.

आयक्यूची चाचणी म्हणजे शब्द, चित्रं, गोष्टी, आकडे. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी तयार केलं, ते आजही आपल्याकडे वापरलं जातं. पण आमच्या दोंडाईचा-शिंदखेडा भागातलं मूल घरात अहिराणी बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि मुंबईच्या हॉस्पिटलात त्याच्याशी हिंदीत बोललं जातं. एखादा शब्द त्याला आला नाही, तर तो मेंदूचा दोष की भाषेचा?

याला दोन उपाय. एक, मुलाची तुलना त्याच्याच पहिल्या आकड्याशी करा. भाषेची अडचण पहिल्या वेळीही होती आणि पाचव्या वेळीही, त्यामुळे ती बरीचशी वजा होते. दोन, यादृच्छिक वाटणी. अशी मुलं दोन्ही गटांत साधारण सारखी विखुरली जातात. तीच चाचणी वारंवार दिल्याने सरावाने गुण वाढतात, तो परिणामही दोन्ही गटांत सारखाच पडतो. एकाच गटावरच्या अभ्यासात ही सोय नसते.

आता परत येण्याचं. दोंडाईचा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. मुंबई इथून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त. उपचारांसाठी माणूस कर्ज काढूनही परळला राहतो. पण चार वर्षांनी, मूल दिसायला धडधाकट असताना, कापूस वेचणीच्या दिवसांत, फक्त कोडी सोडवायला आणि रक्त द्यायला रात्रभर प्रवास करून कोण जाणार? अशा कुठल्याही अभ्यासात जे गळतात ते योगायोगाने गळत नाहीत. कधी ज्याचं उत्तम चाललंय तो येत नाही, कधी ज्याची परिस्थिती सगळ्यात बिकट तो येत नाही. दोन्हींमुळे निकाल वाकडा होतो, आणि दुसऱ्या बाबतीत तर गळणाऱ्यालाच तपासणीची सगळ्यात जास्त गरज असते.

म्हणून असा पेपर वाचताना "किती रुग्ण घेतले" याच्या शेजारी "शेवटच्या मोजणीला किती उरले" हा आकडा लिहून ठेवायची सवय लावा.

पाच वर्षं म्हणजे पुष्कळ की थोडी?

२००१ मध्ये पहिला रुग्ण, २०१७ मध्ये निकाल. सोळा वर्षं! तेवढ्यात तीन पीएचडी होतात. आणि तरी काही दुष्परिणामांसाठी हा काळ अपुरा आहे.

इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० दरम्यान टाळूवरच्या बुरशीच्या संसर्गासाठी सुमारे ११ हजार मुलांच्या डोक्याला क्ष-किरण दिले गेले. मेंदूपर्यंत सरासरी फक्त दीड ग्रे पोहोचला होता. दशकांनंतर, १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात या गटात मेनिंजिओमा या गाठीचं प्रमाण साडेनऊ पट निघालं. पाच वर्षांनी थांबले असते, तर हे दिसलंच नसतं.

हा धडा आजच्या नेमक्या पद्धतींनाही लागतो. अनेक दिशांनी किरण सोडले की मोठा डोस गाठीपुरता राहतो, पण थोडा थोडा डोस मेंदूच्या जास्त भागावर शिंपडला जातो. या हलक्या शिडकाव्याचा तीस वर्षांनी काय परिणाम होईल, हा खुला प्रश्न आहे. प्रोटॉन थेरपीचं आकर्षण यातच आहे. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतात आणि पलीकडे जवळजवळ जातच नाहीत. भारतात चेन्नईला २०१९ पासून ही सोय आहे, आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रातही ती आली आहे.

मग तुम्ही विचाराल, यंत्रच बदललं तर सोळा वर्षांच्या जुन्या ट्रायलचा उपयोग काय? उपयोग हाच की तिने यंत्राबद्दलचा प्रश्न विचारलाच नव्हता. डोस तोच ठेवून झोताखालचा निरोगी मेंदू कमी केला, तर वाढत्या वयाच्या रुग्णाला फायदा होतो का, हा तिचा प्रश्न होता. उत्तर "हो" आलं. यंत्रं बदलतील, हे उत्तर टिकेल. स्वतःचा विषय ठरवताना हे डोक्यात ठेवा: प्रश्न उपकरणाला बांधला, तर उपकरणासोबत जुना होतो.

पेपर वाचताना विचारायचे पाच प्रश्न

१. उपचाराआधीची मोजणी आहे का?

२. दोन गटांत नेमकी एकच गोष्ट वेगळी आहे, की तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या आहेत?

३. डोस, हप्ते आणि घनफळ, तिन्ही दिले आहेत का? नुसत्या ग्रेच्या आकड्यावरून तुलना करू नका.

४. ज्या दुष्परिणामाबद्दल दावा आहे, तो दिसायला लागणारा काळ आणि अभ्यासाचा काळ जुळतो का? दोन वर्षांच्या अभ्यासात "दुसरी गाठ झाली नाही" याला फारसा अर्थ नाही.

५. शेवटी किती रुग्ण उरले, आणि जे गेले ते का गेले?

हे पाचही प्रश्न मेंदू सोडून इतर विषयांनाही चालतात. कीटकनाशकांचा परिणाम असो की पाण्यातल्या फ्लोराइडचा, उशिरा येणाऱ्या परिणामाचा अभ्यास असाच तपासावा लागतो.

शेवटी एक गोष्ट, संशोधनाबाहेरची. तुमच्या ओळखीत लहानपणी मेंदूवर रेडिओथेरपी झालेलं कुणी असेल, तर या लेखावरून त्याचं निदान करू नका, तो डॉक्टरांचा प्रांत. पण एवढं नक्की विचारा: "वर्षाची हॉर्मोनची तपासणी झाली का? शाळेत शिक्षकांना सांगितलंय का?" थायरॉइड कमी असेल तर रोजची एक गोळी पुरते. शाळेला माहीत असेल, तर परीक्षेत थोडा जास्त वेळ मागता येतो. उशिरा येणारा दुष्परिणाम वेळेवर सापडला, तर त्याचं ओझं पुष्कळ हलकं होतं. आणि तो सापडायला आधी कुणीतरी शोधत असावं लागतं.

पुढच्या वेळी हिप्पोकॅम्पस वाचवून संपूर्ण मेंदूला किरण देण्याच्या पद्धतीबद्दल लिहीन. तोवर वरचं गोलाच्या घनफळाचं गणित तीन सेंटीमीटरच्या गाठीसाठी करून बघा. गाठ लहान झाली की मार्जिनचा वाटा वाढतो की कमी होतो? उत्तर मिळालं की रेडिओसर्जरीवाले अर्ध्या मिलिमीटरसाठी का भांडतात, तेही कळेल.